डबा हलला! नव्या वाचकांची विनोदी पुस्तकं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांची गमतीची चित्रपुस्तकं कशी निवडावी, कशी वाचावी, कशी करावी, याबद्दल प्रश्न मागवले होते. या वेळी बहुतेक पत्रं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा पहिलीत आहे. गमतीची सहा रंगीत पुस्तकं आणली. चित्रं बघून खदखदून हसतो, पण "वाच" म्हटलं की पुस्तक मिटतो. आमचं काय चुकतंय?
*– आई, कोरेगाव*

तुमचं नाही, पुस्तकांचं चुकतंय. चित्र बघूनच हसून झालं, तर अक्षरांशी झटापट कशाला करायची? मुलाचा हिशोब अगदी बरोबर आहे.

पुस्तक विकत घेण्याआधी दुकानातच एक परीक्षा करा. मजकुरावर हात ठेवून नुसतं चित्र बघा. गंमत पूर्ण कळली, तर ते बघायचं पुस्तक. मग चित्रावर हात ठेवून नुसता मजकूर वाचा. तेवढ्यानंही गंमत पूर्ण कळली, तर चित्रं नुसती शोभेची आहेत. नव्या वाचकाला तिसरा प्रकार हवा. त्यात अर्धी गंमत चित्रात असते, अर्धी शब्दांत, आणि दोन्ही जुळल्याशिवाय हसू येत नाही. मजकूर म्हणतो, "आज मी शहाण्यासारखा वागलो", आणि चित्रात माठाचे तुकडे. मजकूर म्हणतो, "घरात कोणीच नव्हतं", आणि पलंगाखालून शेपूट बाहेर आलेलं. इथे मुलाला ते वाक्य वाचावंच लागतं. वाचलं की लगेच हसू येतं, आणि पुढचं पान उलटायला तेवढं पुरतं.

घरात असलेली सहा पुस्तकं फेकू नका. ती तुम्ही वाचा, त्यानं बघावी. त्याच्या वाचनासाठी वेगळी आणा.

पुस्तकांवर "पातळी १" छापलेलं असतं, तरी पहिलीची मुलं दुसऱ्याच ओळीत अडकतात. नेमकं काय बघून निवडायचं?
*– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, तासगाव तालुका*

पातळी बहुतेक वेळा शब्दसंख्येवर ठरते. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावर पहिल्या पातळीची गोष्ट साधारण २५० शब्दांच्या आत असते. पण २५० शब्दांत पन्नास जोडाक्षरं असू शकतात. इंग्रजीत शब्द मोजायची जुनी परंपरा आहे. अमेरिकी बाललेखक डॉ. स्यूस यांनी १९६० साली फक्त ५० वेगवेगळ्या शब्दांत आख्खं विनोदी पुस्तक उभं केलं. मराठीत हा हिशोब लागू पडत नाही, कारण आपला शब्द जागच्या जागी राहत नाही. मांजर, मांजरीला, मांजरीच्या, मांजरींनी: यादीत हा एकच शब्द, पण मुलाच्या डोळ्यांसमोर चार.

म्हणून शब्द मोजू नका, चिन्हं मोजा. कोणतीही पाच पानं उघडा आणि त्यांवरची जोडाक्षरं आणि रफार मोजा. पहिलीच्या पहिल्या सहामाहीत पानाला फार तर एक चालेल. पुढे दहा शब्दांत एक. त्याहून जास्त असेल तर पुस्तक कितीही गमतीचं असो, ते अजून मोठ्यांनी वाचून दाखवायचं आहे.

कोणत्या जागी पाय घसरतात तेही माहीत असावं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो आणि नंतर बोलतो, म्हणून "गणित"चं "गिणत" होतं. रफार उलटा: बोलायचा आधी, पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणून "गर्दी"ची "गद्री" होते. घ-ध, भ-म आणि ब-व यांची अदलाबदल तर ठरलेलीच. यातला कोणताही अडथळा विनोदाच्या नेमक्या शब्दात नको. आधीच्या वाक्यात अडखळलं तर मूल सावरतं. शेवटच्या, हसू आणणाऱ्या शब्दावर अडखळलं तर गंमत सांडली. मग वर्गात हसतात ती फक्त पटकन वाचणारी चार मुलं, आणि बाकीची त्यांच्याकडे बघून.

नादशब्दांचा मात्र भरपूर फायदा घ्या. टपटप, खटखट, गरगर, धडधड यांत एकही चिन्ह नाही आणि अर्धा शब्द वाचला की उरलेला फुकट मिळतो. काना आला की बदाबदा आणि धपाधप उघडतात. "फुस्स" किंवा "ठ्ठो" ही जोडाक्षरं असली तरी चित्रातच मोठ्या रंगीत अक्षरांत काढलेली चालतात, कारण ती मुलं वाचत नाहीत, ओळखतात.

एक गोष्ट कोणत्याही छपाईत दिसत नाही. "चार" आणि "चारा" यांतला च लिहायला एक, उच्चाराला दोन. तसे शब्द पहिल्या वेळी तुम्हीच वाचा.

नातीच्या अंकलिपीत "कमळ बघ, नळ बघ" असतं. काना नाही, मात्रा नाही, असल्या शब्दांत हसण्यासारखं काय निघणार? आमचा तर विश्वास बसत नाही.
*– आजोबा, खटाव तालुका*

आजोबा, शंका रास्त आहे. पण अडचण शब्दांची नाही, क्रियापदांची आहे. चिन्हाशिवाय मराठीत क्रियापदाची दोनच रूपं सहज मिळतात: हुकूम (बघ, उठ, सरक, पळ, बस) आणि "हसत", "पळत" अशी त-कारान्त. कोणी आला, गेला, म्हणाला हे सांगताच येत नाही. मग गोष्ट कशी सांगायची? हुकमांतच सांगायची. हुकूम सोडणारा आणि तो न ऐकणारा ही तर जुनी विनोदी जोडी आहे.

आठ पानांचा नमुना देतो. पान १ हे मुखपृष्ठ: "ए बदक!" वाटेत बदक बसलेलं आहे, समोर कमरेवर हात ठेवून एक पोरगी. पान २: "ए बदक, उठ." पान ३: "सरक." पान ४: "चल." पान ५: "पळ पळ पळ!" या सगळ्या पानांवर बदक तसूभर हलत नाही. बदलतो फक्त पोरीचा चेहरा, आणि मागे वाट अडलेल्यांची रांग वाढत जाते: सायकल, बैल, मग ट्रॅक्टर. पान ६: "गवत बघ." बदक मान फिरवतं, पण उलट्या बाजूला. पान ७: पोरगी दमून, "मग बस!" पान ८ वर एकही शब्द नाही, बदक धूम पळतंय.

चौदा शब्द, त्यांतले तीन "पळ". शेवटचं चित्र हसवतं ते "बस" हा शब्द वाचलेला असेल तरच. (व्याकरणानं "बदका" हवं. पण पोरं "ए बदक"च म्हणतात आणि इथे काना टळतो.)

काना शिकून झाला की पुल्लिंगी भूतकाळ हाती येतो: आला, पडला, पळाला. मग असं करता येतं: "दादा आला. दादाचा डबा आला. डबा हलला. दादा पळाला. डबा पण पळाला!" चित्रात डब्याखाली चार छोटे पाय पहिल्यापासून काढायचे. ते दादाला दिसत नाहीत, मुलाला दिसतात.

सुरुवातीच्या पुस्तकांत मामा, काका आणि दादा यांचीच गर्दी का असते, तेही इथे कळतं. "ताई आली" म्हणायला दुसरी वेलांटी लागते. म्हणून कान्यानंतर लगेच दुसरी वेलांटी घ्या. अर्धं घर गोष्टीबाहेर ठेवायचं कारण नाही.

आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात चार-पाच महिन्यांसाठी मुलं येतात. जाताना त्यांच्याबरोबर पुस्तक द्यावंसं वाटतं, पण तेवढे पैसे नाहीत. झेरॉक्सवर काही करता येईल का?
*– शिक्षक, वाळवा तालुका*

एका ए-फोर कागदाचं आठ पानी पुस्तक करा. पिन नाही, डिंक नाही, छपाई एकाच बाजूला. वरचं बदक त्यात बरोबर बसतं.

कागद आडवा धरा. उभे चार आणि आडवे दोन असे आठ चौकोन आखा. प्रत्येक चौकोन सुमारे ७४ मिमी रुंद आणि १०५ मिमी उंच येतो. खालच्या ओळीत डावीकडून पानं ८, १, २, ३. वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४, आणि ही ओळ पूर्ण उलटी, म्हणजे डोकं खाली. सगळ्यात सोपं म्हणजे आठ पानं वेगळ्या चिठ्ठ्यांवर करून मग चिकटवणं. चिकटवण्याआधी एका कोऱ्या कागदाची घडी घालून त्यावर आकडे लिहा, उलगडून बघा, आणि मग हात लावा. झेरॉक्स यंत्र कडेचं चार-पाच मिलिमीटर छापत नाही, म्हणून प्रत्येक चौकोनात कडेपासून ८ मिमी आतच काम ठेवा. रेघा जाड काढा. शिसपेन्सिलीच्या छटा झेरॉक्सवर चिखल होतात.

घडी अशी. कागद आठ भागांत दुमडून उलगडा, म्हणजे सगळ्या खुणा पडतील. मग आखूड बाजू आखूड बाजूला मिळवून अर्धा करा. आता एक बाजू दुमडलेली आहे, समोरची उघडी. दुमडलेल्या बाजूकडून मधल्या आडव्या खुणेवर कात्री चालवा आणि पहिली उभी खूण आली की थांबा. उलगडल्यावर मधल्या दोन रकान्यांत फट दिसली पाहिजे. आता छपाई बाहेर ठेवून कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला. फट उघडते, वरून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. मग पानं एका बाजूला वळवून पान १ वर आणा आणि घडी नखानं दाबा.

तीन चुका नेहमी होतात. उघड्या बाजूकडून कापलं की कडा फाटून पानं लोंबतात. खुणेच्या पुढे कापलं की पुस्तकाचे दोन तुकडे होतात. आणि छपाई आत ठेवून दुमडलं की बाहेर कोरं पुस्तक येतं. पहिलीच्या मुलांना कात्रीचं काम देऊ नका, घडी मात्र त्यांनाच घालू द्या.

मजकूर तुमचा असेल तर प्रश्न नाही. दुसऱ्याचा घ्यायचा असेल तर मुक्त परवान्याचा घ्या. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी लेखक-चित्रकारांचं नाव आणि परवाना छापून विनाशुल्क छापता येतात, बदलताही येतात. मागच्या पानावर तेवढी जागा ठेवा.

मी चित्रं काढते. गमतीचं एक पुस्तक स्वतः छापायचं आहे. पानं, अक्षरं, कागद याबद्दल नेमकं सांगा.
*– सातारा शहर*

पानं चारच्या पटीत. मध्ये पिना मारायच्या तर आतली १६ आणि वेगळं मुखपृष्ठ, हे पहिल्या पुस्तकाला सोयीचं आणि स्वस्त. २४ पानांची गोष्ट १६ पानांत बसवता येते आणि बहुतेकदा सुधारते. १६ पानांची गोष्ट २४ मध्ये ताणली की मधली चार पानं ओस पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान उलटणं. विषम पान उजवीकडे असतं, आणि मूल पान उलटतं ते विषम पान वाचून. म्हणून "डबा हलला" उजव्या पानावर तळाशी, आणि डब्यातून काय निघालं ते पुढच्या, सम पानावर. दोन्ही समोरासमोर ठेवलीत तर डोळा आधी चित्राकडेच जातो, आणि प्रश्न वाचण्याआधी उत्तर मिळतं. हस्तलिखिताच्या टप्प्यालाच चार कागद दुमडून कच्चं पुस्तक करा आणि हसू कुठल्या पानावर येतं ते तपासा. छपाईला देताना अर्पणपत्रिका किंवा "मनोगत" मध्ये घुसवलं की सगळी पानं एकानं सरकतात आणि सगळे विनोद चुकीच्या बाजूला जातात. असं झालेली पुस्तकं बाजारात बरीच आहेत. मनोगत मलपृष्ठावर घाला. मुलं ते वाचत नाहीतच.

अक्षर २० ते २४ पॉइंट. मराठीत वर मात्रा, वेलांटी आणि रफार, खाली उकार, म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजी पुस्तकापेक्षा जास्त लागतं. २२ पॉइंटला किमान ३४ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला टेकतो. दोन शब्दांतली जागाही थोडी सैल ठेवा. ओळी डावीकडून सुरू करा आणि उजवीकडे मोकळ्या सोडा. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये खिंडारं पडतात. ओळ तोडायची ती श्वासावर: "आजीच्या चष्म्यावर / माशी बसली" असं. "आजीच्या / चष्म्यावर माशी / बसली" असं नको.

फाँट निवडताना ल आणि श बघा. पुष्कळ फाँट मुळात हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. शाळेत शिकवतात ती मराठी वळणं, आणि शासनाच्या निर्णयातही तीच दिली आहेत. संगणकावर मजकुराची भाषा "मराठी" निवडली की काही फाँट आपोआप बदलतात. नाही बदलले तर फाँट बदला. ख जर "रव" दिसत असेल तर तो फाँट कितीही गोड असला तरी सोडा. तसंच "द्य". बालभारतीच्या बऱ्याच पुस्तकांत मुलं "विद्‌यार्थी" असा पाय मोडलेला द बघतात, तुमच्या पुस्तकात "विद्यार्थी" आला तर अनेकांना ते नवं अक्षर वाटतं. आमचं मत विचाराल तर असे शब्दच टाळा.

मजकूर चित्रावर छापायचा तर खाली सपाट फिका रंग हवा. गवताच्या पात्यांवर काळी अक्षरं म्हणजे शब्दकोडं. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात कोणाचंही नाक मधल्या घडीवर येऊ देऊ नका, दोन्ही बाजूंना १० मिमी मोकळे सोडा. संवादाचे फुगे पानावर दोनच, पहिला डावीकडे आणि वर, दुसरा उजवीकडे आणि खाली. तीन झाले की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो, आणि विनोद तिथेच संपतो.

कागद १०० ते १३० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये), चकाकी नसलेला. ७० जीएसएमवर मागच्या पानाचं चित्र पुढे दिसतं, म्हणजे पुढच्या पानावरचं गुपित आधीच फुटतं. चकचकीत आर्ट पेपरवर ट्यूबलाइट पडली की अर्धं पान पांढरं.

छापण्याआधी सहा-सात मुलांना कच्ची प्रत द्या आणि गप्प बसा. कुठे हसली त्यावर खूण करा. तुम्ही समजावून सांगितल्यावर हसली, ते मोजू नका.

मुलगी एकच पुस्तक रोज वाचते. मला वाटतं, तिला ते पाठ झालंय. हे वाचन धरायचं का?
*– आई, मिरज*

पाठ होणं वाईट नाही, विनोदी पुस्तकं त्यासाठीच पुन्हा पुन्हा वाचली जातात. फक्त तपासून घ्या. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हे काय?" विचारा. सुरुवातीपासून म्हणत म्हणत तिथवर आली, तर पाठ आहे. मग त्यातली तीन वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, शब्द कापून सुटे करा आणि तिलाच उलटसुलट जोडू द्या. "डबा पळाला, दादा हलला." चुकीची जोडणी जास्त गमतीची असते. ती वाचताना पाठांतर उपयोगी पडत नाही, अक्षरंच बघावी लागतात.

दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं लक्ष्य आहे. विनोदी पुस्तकात मुलं मध्येच थांबतात, मागची पानं बघतात. वेग कसा वाढणार?
*– शिक्षक, फलटण तालुका*

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं ते लक्ष्य समजून वाचण्यासह आहे. मागचं पान बघायला जाणं हीच समज. घड्याळ लावायचं तर साध्या उताऱ्याला लावा, विनोदी पुस्तकाला नको. हसणारं मूल मिनिटाला वीस शब्द वाचेल, आणि ते ठीक आहे.

घरी आम्ही "हाय", "न्हाई", "लई" बोलतो. पुस्तकात "आहे", "नाही". पोरगा पुस्तकात आहे लिहिलेलं "हाय" असं वाचतो. दुरुस्त करायचं का?
*– वडील, खानापूर तालुका*

लगेच नको. "आहे" बघून "हाय" म्हणणारा मुलगा अर्थ वाचतोय, नुसती अक्षरं जोडत नाहीये. "आहे" बघून "आले" म्हणाला असता तर थांबवायचं, कारण तिथे अर्थ बदलतो. पान संपलं की तुम्ही एकदा छापल्याप्रमाणे वाचा, तेवढं पुरे. स्वतः पुस्तक करत असाल तर निवेदन प्रमाण मराठीत आणि फुग्यातलं बोलणं तुमच्या बोलीत ठेवा. "लई झालं!" हे "पुरे झालं!"पेक्षा वाचायला अवघड नाही, आणि म्हशीच्या तोंडी जास्त शोभतं.

आमच्या भागात बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. मराठी विनोद त्यांना कळत नाहीत, हसतात ते शेजारच्याला बघून.
*– शिक्षिका, जत तालुका*

शब्दांच्या कोट्या बाजूला ठेवा, त्या सगळ्यात शेवटी कळतात. प्रसंगाचा विनोद घ्या: न बसणारी टोपी, न हलणारं बदक, नको तिथे झोपलेला माणूस. पहिलं वाचन चित्रांवरून कन्नडमध्येच होऊ द्या, काय घडतंय ते मुलांनी आपल्या भाषेत सांगावं. मग मराठी मजकूर. गोष्ट आधीच माहीत असली की नव्या भाषेतले शब्द पकडायला डोकं मोकळं राहतं. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळत असेल तर दोन्ही प्रती शेजारी ठेवा.

दोन गोष्टींसाठी जास्त वेळ द्या. एक, लिंग. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू आणि प्राणी साधारणपणे नपुंसकलिंगी, आपल्याकडे खांब तो, खुर्ची ती, टेबल ते. "खुर्ची पडला" ही वाचनातली चूक धरू नका. दोन, पहिली वेलांटी. कन्नड लिपीत ते चिन्ह अक्षराच्या आधी येत नाही, म्हणून कन्नड अक्षरं आधी शिकलेलं मूल इथे जास्त अडखळतं.

जाड्या मुलाला, तोतऱ्याला हसणारी पुस्तकं ग्रंथालयात आहेत. काढून टाकावीत का?
*– बालविभाग सेविका, कराड तालुका*

एक कसोटी पुरते: हसू कशाचं आहे, केलेल्या गोष्टीचं की असलेल्या शरीराचं? जाड माणूस स्वतःचीच टोपी शोधत गावभर फिरतो आणि टोपी डोक्यावरच, यात हसू विसरण्याचं. खुर्ची मोडते कारण तो जाड आहे, हे दुसरं. ते नव्या वाचकांच्या कपाटातून काढा. वर्गात तशा अंगाचं एक तरी मूल असतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला ते नाव पडतं.

विकत घेण्याआधी अशी पुस्तकं हाताळायला कुठे मिळतील?
*– अनेक वाचक*

महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरचं भिलार. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बालसाहित्यही आहे, आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत. मुलांना घेऊन जाणार असाल तर एका दिवसात दोनच घरं करा. तिसऱ्या घरात मुलं पुस्तकं सोडून स्ट्रॉबेरी मागतात. तुमच्या नगर वाचनालयाच्या बालविभागातही विचारा. तिथे जाडजूड गोष्टींची पुस्तकं समोर आणि सोळा पानी पातळ पुस्तकं मागे दबलेली असतात, कारण त्यांना कणा नसतो आणि उभी ठेवली की दिसत नाहीत. ती मुखपृष्ठ समोर दिसेल अशी दोरीवर चिमट्यांनी लावायला सुचवा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत मुलांची पुस्तकं भिजली. पुन्हा तशी वेळ आली तर ती वाचवायची कशी?
*– सांगली*

आधी पाणी कुठलं ते बघा. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. लहान मुलं पुस्तक तोंडाशी नेतात, बोटं चाटून पानं उलटतात. अशी पुस्तकं टाकून द्या, वाईट वाटलं तरी. छपराच्या गळतीनं किंवा पावसानं भिजलेली मात्र वाचतात.

पण वेळ थोडा असतो, दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. चकचकीत कागदावरचा लेप पाण्यानं मऊ होतो आणि वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून अशी पुस्तकं ओली असतानाच पान पान सोडवा आणि प्रत्येक पानाआड बटर पेपर घाला. साध्या कागदाच्या पुस्तकात कोरा कागद घाला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, पानं वाकडी होतात. पुस्तकं खूप असतील आणि हात कमी, तर उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीनं चार-चार बाहेर काढा. किंचित दमट असताना वजनाखाली ठेवली की सपाट होतात.

मधल्या पिना मात्र पहिल्याच दिवशी काढा, त्यांचा गंज चार पानं खातो. पुस्तक पूर्ण वाळलं की घडीवर तीन भोकं पाडा आणि जाड सुती दोऱ्यानं शिवा: मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. गाठ आतल्या बाजूला मारा.